अक्काच्या रांजणावरचा आळ

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. निवृत्त सहकाऱ्यांच्या गप्पांत ती ओठांवर यायची, आणि मी घाईघाईने कुणाचा तरी रक्तदाब विचारायचो.

पारोळ्यात डासांची पाहणी माझ्याकडे होती. सकाळी घरोघर जायचं, टॉर्चच्या उजेडात भिंतीवर बसलेला डास हेरायचा आणि त्याच्यावर काचेची नळी धरून त्याला तोंडाने आत ओढायचं. मध्ये जाळी असते, डास पोटात जात नाही. पण हे गल्लीला कोण पटवणार?

"भाऊ, न्याहारी व्हयनी का?" घरमालकीण अक्का विचारायची. "का आखो एक मच्छर वाढू?"

आख्खी गल्ली हसायची, मीही. एकदा हसता हसता नळी उलटी फुंकली आणि सकाळची सगळी कमाई अक्काच्या ओसरीवर उडून गेली.

मी तिच्या माडीवरच्या खोलीत राहायचो. खाली दाराशी तिचा रांजण. बाजाराला आलेली माणसं पाणी प्यायला थांबायची, सुखदुःख बोलायची. एकट्या अक्काचा दिवस त्या माणसांवरच जायचा.

पावसाळा सरता सरता गल्लीत डेंग्यू आला. तपासलेल्या घराच्या दारावर आम्ही खडूने खूण करायचो. लोकांपुढे उदाहरण हवं म्हणून पहिली खूण मी माझ्याच दारावर केली. आत डोकावलोसुद्धा नाही. बाकी सगळी घरं पालथी घातली. डास सर्वांत जास्त अक्काच्या ओसरीवर. लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. रांजणात टॉर्च मारला, तळाशी काहीतरी हललंसं वाटलं.

"अळ्या!" मी ओरडलो.

"दर आठवड्याले घासस मी त्याले, भाऊ!"

रांजण आडवा केला. पाणी मातीत जिरलं. अळ्या कुणी पाहिल्याच नाहीत, मीही नाही. त्या दिवसापासून तिच्या दाराशी कुणी पाणी प्यायलं नाही.

मग ऑक्टोबरचं ऊन तापलं, म्हणून माझ्या खोलीच्या खिडकीतला कूलर उघडला. टाकीत साचलेल्या पावसाच्या पाण्यात अळ्यांची जत्रा भरली होती! खिडकी बरोबर अक्काच्या ओसरीवर. मी पोट धरून हसलो, मग घाबरून दाराला कडी लावली. टाकी गच्चीवर तापलेल्या फरशीवर उपडी केली. डास हटले, ताप हटला आणि गल्लीने माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, ढोलसुद्धा! टाळ्या वाजवायला अक्का पुढेच बसलेली. मी शाल घट्ट लपेटून घेतली.

पुढे ती नशिराबादला लेकीकडे गेली. निवृत्तीनंतर मी एसटीने निघालो. वाटभर पुटपुटत सराव. "चुकलं माझं, माफ करा," म्हणालो, तर शेजारचा म्हणाला, "अहो असू द्या आबा, नुसता पायच लागला."

अक्काने मला पाहताच नातीला हाक मारली. "ये व, देख! ह्याच भाऊनी बठ्ठी गल्ली वाचाडी. मनाच रांजन खराब व्हता!" दोष आपल्याच रांजणावर घेऊन ती दिलखुलास हसली. मीही हसलो. चहा प्यालो, शेव खाल्ली, शेवटच्या गाडीने परत आलो. पुढच्या उन्हाळ्यात ती गेल्याचं कळलं.

म्हणायचं एवढंच होतं: अक्का, तुमचा रांजण स्वच्छ होता. अळ्या माझ्या कूलरमध्ये होत्या. लोक तुमच्या दारातून तहानलेले गेले ते माझ्यामुळे. मला माफ करा.