चावीला जवळ्याचा वास

बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या एका मावशीचा आवाज असा, की तिने 'जवळा घ्या' म्हटलं तर वैतरणेच्या खाडीतल्या मासळीने आपणहून उन्हात येऊन पडावं. तिची टोपली शाळेच्या जिन्यापाशी असते. वरच्या वर्गात दर रविवारी दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते, आणि चौकात बार आहे.

बैठकीची वाट विचारायची लाज वाटते, म्हणून नवखा माणूस मावशीला बोंबलाचा भाव विचारतो. मीही विचारला. पुन्हा पुन्हा विचारला, बाईकचं तोंड बारकडे ठेवून.

"तुला बोंबील नाय, जिना पायजे!" ती पार कुंभवलीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली. "चावी दे बाईकची."

"कशाला, मावशी?"

"बैठक करून खाली ये, मंग देते."

चावी जवळ्याच्या ढिगात गडप झाली. ती काढायची तर मावशीशी कुस्तीच खेळावी लागली असती, आणि तिचे दंड होडीच्या डोलकाठीएवढे. मी निमूट जिना चढलो.

आता ती बैठक मीच चालवतो. तरी मावशी हात पुढे करते.

"अजून भरवसा नाय काय?" मी विचारतो.

"माजा हाय. तुजा तुला हाय काय?"

मी चावी देतो.

पूर्वी घरी गेलो की बायको माझं तोंड हुंगायची. हल्ली रविवारी ती चावी हुंगते, नाक मुरडते आणि हसत ताट वाढते.