पाठमोरी कुस्ती

माझ्या पदवीच्या कागदावर खरं तर माझ्या थोरल्या वैनीचं नाव असायला हवं होतं. वैनी बार्शीची, चौथी शिकलेली. आमच्या गावची शाळा उर्दूतून; मराठी अक्षरं मला तिनं चुलीपुढं राख पसरून शिकवली. आई नसलेल्या त्या घरात आबांना तिनंच बजावलं होतं, "ह्याला औताला धरायचं न्हाय. ह्यो शिकंल."

आमचं गाव परंड्याकडचं, निजामाच्या हद्दीतलं. बार्शी इंग्रजांची. मध्ये एक ओढा आणि जकातीचा नाका. निजामाच्या शेवटच्या वर्षांत हुकूम निघाला, की हद्दीपलीकडं जन्मलेला माणूस गैरमुलकी. त्याला परवान्याशिवाय आत येता येणार नाही. वैनी तेव्हा भावाच्या लग्नाला माहेरी गेली होती. परतताना नाक्यावर विचारलं, जन्म कुठला? तिनं खरं ते सांगितलं आणि आल्या पावली बार्शीला परत गेली. गावातल्या आणखी काही सुनांचं तेच झालं.

घरात उरलो आबा, दादा आणि मी. भाकरी माझ्याकडं आली. आबांनी पहिली भाकरी उलटसुलट करून पाहिली.

"ही खायाची, का छपराला लावायची?"

मग म्हणाले, "सून येत न्हाय तवर शाळा बंद. चुलीपुढं कुणीतरी पायजे."

परंड्याच्या शाळेत माझं नाव घालायचं ठरलं होतं. ते तसंच राहिलं.

जत्रा तोंडावर आली. तहसीलदारसाहेब दरसाल जत्रेत कुस्त्या भरवत. त्यांना कुस्तीचा फार शौक; त्यांचा स्वतःचा पोसलेला एक पहिलवान होता. गावाचा पहिलवान म्हणजे आमचा दादा. मारुतीच्या पारावर बैठक झाली. किराणा दुकानवाले अप्पा, ज्यांची सूनही पलीकडं अडकली होती, उठून म्हणाले, "सुना येत न्हाईत तवर कुस्ती न्हाय, तमाशा न्हाय, सोंग न्हाय. हसायचंबी न्हाय."

"हसायचंबी?" कुणीतरी विचारलं.

"मोठ्यानं न्हाय."

बहिष्कार कडक पाळला गेला. तमाशाचा फड आला आणि पुढं बसलेलं एकटं कुत्रं बघून परत गेला. दादानं तर तालमीत जाणंच सोडलं. वस्ताद म्हणाले, "बाबा, जोर काढायला काय हरकत हाय?" दादा म्हणाला, "बहिष्कार म्हंजी बहिष्कार."

कुस्तीच्या दिवशी मात्र घोटाळा झाला. प्रत्येकाला शंका, की दुसरा कुणीतरी चोरून कुस्ती बघायला जाईल. त्याला पकडायला म्हणून जो तो आखाड्यावर आला. बघता बघता सगळं गाव जमलं. तहसीलदारसाहेब खूश! एवढी गर्दी त्यांनी कधी पाहिली नव्हती. अप्पांनी डोक्याला हात लावला आणि ओरडले, "पाठी फिरवा!" गाव पाठमोरं बसलं.

साहेबांच्या पहिलवानाला जोड मिळेना. साहेबांनी चिडून आपल्याच दोन शिपायांना लंगोट नेसवले. हलगी वाजू लागली. वस्ताद माझ्याशेजारी आखाड्याकडं पाठ करून बसलेले. नुसत्या धापा ऐकून त्यांचा जीव कासावीस होत होता.

"पट काढला का रं?"

"वस्ताद, बघायचं न्हाय."

"बघत कुठं हाय? इचारतोय. अरं, टांग मार की, मुडद्या!" हे आभाळाकडं तोंड करून.

शिपायांची ती झोंबाझोंबी साहेबांनाच सोसवेना. ते उठून दादाच्या पुढ्यात आले. ते उर्दू बोलणारे, दादा मराठी, मध्ये मी.

दादा म्हणाला, "सांग त्येला. बाया अडवून वर कुस्त्या बघतोस, लाज वाटत न्हाय व्हय?"

मी उर्दूत म्हणालो, "हुजूर, वहिनी घरी नसल्यानं बंधूंचं मन लागत नाही."

साहेब हळहळले. "एवढंच ना? तिचा परवाना आत्ता देतो. ऊठ म्हणावं."

मी ते दादाला सांगितलं. माझी शाळा माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. दादानं मानसुद्धा वळवली नाही.

"एकटीचा नगं. समद्यांचा."

हे मात्र मी एक शब्द न बदलता उर्दूत सांगितलं. साहेबांनी आखाड्याकडं पाहिलं. तिथं दोन्ही शिपाई एकमेकांना धरून बसून दम खात होते. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि पेशकाराला शिक्के आणायला पाठवलं.

सगळे परवाने अप्पांच्या हातात पडले, तेव्हा गाव वळून बसलं आणि दादानं लंगोट कसला. त्याच रात्री मी बार्शीला चिठ्ठी लिहिली. नाक्यावरून जाणाऱ्या गाडीवानाकडं दिली.

"ती. वैनीस साष्टांग नमस्कार. तुमचा परवाना निघाला. दादा तो घेऊन येत आहेत. बैलगाडीनं येतील, कारण पाय मुरगळला आहे. कुस्ती झाली. हलगीचा पहिला ठेका संपायच्या आत दादा चितपट झाले. वस्ताद म्हणतात, तालीम सोडली म्हणून पडले. आबा म्हणतात, माझ्या भाकरीनं पडले. तुम्ही दादांना काही विचारू नका. आल्यावर आबांजवळ शाळेचं काढा. मी काढलं, तर ते भाकरी दाखवतात. आणि पिठाला पाणी ऊन घ्यायचं की गार, ते दादांजवळ सांगून ठेवा. दादांना पुढं धाडून तुम्ही दोन दिवस माहेरी राहून आलात, तर तेवढ्या दोन दिवसांच्या भाकरीची सोय होईल. पण राहू नका. तुमचा धाकटा दीर."