चकलीसाठी उंदीर

परवा कपाट आवरताना शिवणकामाची पिवळी टेप हाती लागली आणि मी थेट साउथहॅम्प्टनच्या आमच्या जुन्या घरात जाऊन पोचलो.

माझी लेक मीरा तेव्हा पंधरा वर्षांची होती. अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन ती हॉस्पिटलमध्ये पडून होती आणि घरी तिने पाळलेली सात फुटी अजगर मादी उपाशी होती. कायम वेटोळं घालून बसायची म्हणून तिचं नाव चकली. मला तिची भयंकर भीती वाटायची.

मीराने फोनवर तिच्या इंग्रजाळलेल्या, मोडक्या मराठीत बजावलं, "बाबा, तिच्या पोटाएवढी जाड उंदीर घे. खूप मोठी नको, ती ओकून टाकेल. प्लीज."

जीव मुठीत धरून मी चकलीच्या पोटाभोवती टेप गुंडाळली. बुळबुळीत लागेल असं वाटलं होतं, पण ती कोरडी, मऊ आणि काचपेटीतल्या उबेच्या दिव्याखाली कोमट झालेली होती.

मग पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या फ्रीझरपाशी मी गोठलेल्या एकेका उंदराला टेप लावत बसलो. दुकानातल्या बाईंनी ससा दाखवला. "नको, फार जाड होईल," मी जाणकारासारखा म्हणालो.

घरी उंदीर गरम पाण्यात ठेवून मऊ केला आणि लांब चिमट्याने पुढे धरला. चकलीने तो सावकाश गिळला. मी लगेच फोन केला.

"बाबा, तू तिला हात लावला?"

"लावला. किती मऊ आहे गं!"

पलीकडे मीरा हमसून हमसून रडायला लागली. तेव्हा मी स्वतःच्या धाडसावरच खूश होतो. ऑपरेशनला हसत गेलेली माझी पोर किती घाबरली होती, ते आज कळतंय.