कोपऱ्यातलं नाव

आमचे हे मेंढरांतून उठून रंगात आले. नाव बिरू. नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत नाही, लिहायला मात्र हात कचरत नाही. करमाडला यांच्या बापाचा कळप होता आणि मेंढरांवर खूण घालायचं काम लहानपणापासून यांच्याकडं. मेंढराची सगळी पाठ गेरूनं रंगवली तर लांबून नुसतं तांबडं गाठोडं दिसतं. मागच्या पुठ्ठ्यावर, शेपटीच्या वर, एकच ठिपका घालून भोवती पांढरी लोकर मोकळी ठेवली, तर पार माळाच्या त्या टोकावरून आपलं मेंढरू ओळखू येतं. पुढं जालना रोडच्या भिंतींवर जाहिराती रंगवताना यांनी तेच केलं. दुकानदार कुरकुरायचे, "भिंत एवढी मोठी, आन् रंगवलंस एवढंच?" हे म्हणायचे, "मोकळी जागा पण रंगच हाय, शेठ."

यांना अक्षर मात्र येत नव्हतं. माझी शाळाही लवकरच सुटली, पण माझा 'क' यांच्यापेक्षा बरा. अक्षरं घालायचा पुंडलिक. तो बौद्ध समाजातला. शहरातल्या छावणीत आमच्या मागच्याच खोलीत राहायचा, त्याची आई गावाकडं असायची. हे रंग ठरवायचे, जागा सोडायचे. पुंडलिक खडूची भुकटी लावलेली सुतळी ताणून भिंतीवर फटका मारायचा आणि उमटलेल्या रेघेवर अक्षरं बसवायचा. काम झालं की खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहायचा, 'बिरू-पुंडलिक, छावणी'. पेंटर लोकांची ती रीतच. त्या कोपऱ्यावरून पुढचं काम मिळतं. दुपारी दोघं एकाच डब्यात जेवायचे. वहिनीची भाकरी वातड असते म्हणायचा पुंडलिक, आणि यांच्या वाटणीचीही खायचा.

तेव्हा चिकलठाण्याला नवे नवे कारखाने येत होते. एका साबणवाल्यानं करमाडच्या आप्पासाहेबांच्या घराची भिंत जाहिरातीसाठी भाड्यानं धरली. रस्त्याच्या वळणावरची, एसटीतल्या माणसाच्या थेट डोळ्यांपुढं येणारी. साबण निळा, म्हणून भिंत निळी आणि वर पांढरी अक्षरं. दोघांचं सगळ्यांत देखणं काम तेच.

त्याच पावसाळ्यात, अठ्ठ्याहत्तर साली, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडाभर दंगल पेटली. दलितांची घरं जाळली. पुंडलिकाच्या आईचंही जळालं. ती लेकाकडं आली तेव्हा अंगावरच्या लुगड्याशिवाय तिच्यापाशी काही नव्हतं.

जरा निवल्यावर आप्पासाहेबांनी यांना बोलावून घेतलं.

"बिरू, तो निळा काढ."

"मालक, साबणाचाच रंग हाय तो. निळ्यावर पांढरं लई लांबून दिसतं."

"दिसतं म्हणूनच नको. लोक इचारतात, आप्पा त्यांच्यात कधी गेले म्हणून."

यांना वाटलं, सोपं आहे. पाण्यावर दोन कळप मिसळले, एकाच रंगाच्या खुणेवरून तंटा झाला, की एक धनगर आपला रंग बदलतो आणि तंटा मिटतो. यांनी माणसांनाही तोच हिशेब लावला. मधे अस्तराचा पांढरा हात न देता, घाईघाईनं निळ्यावर पिवळा फिरवला. पिवळा अंगानं पातळ. खालचा निळा त्यातून वर आला आणि भिंत झाली हिरवीगार. आप्पासाहेब डोक्याला हात लावून ओट्यावर बसले.

"एका भांडणातून काढून मला दुसऱ्यात घालतोस व्हय रे?"

पुंडलिक शिडीला धरून हसला. आई आल्यापासून तो हसलाच नव्हता.

शेवटी सगळ्यावर गेरू दिला आणि पुंडलिकानं अक्षरं पुन्हा घातली. आप्पासाहेबांनी लांब जाऊन बघितलं, मान डोलावली. मग जवळ येऊन कोपऱ्यातल्या दुसऱ्या नावावर काठी टेकवली.

"आता एवढं राहिलं."

पुंडलिक तिथंच उभा होता. यांनी ब्रश डब्यात टाकला.

"रंग तुमच्या भिंतीचा, मालक. नाव आमच्या हाताचं. ते नको असंल तर दुसरा पेंटर बघा."

"पोरं रॉकेल घेऊन फिरायलीत, बिरू. धमकी नाय देत मी. कानावर घालतोय."

आप्पासाहेब वाईट नव्हते. वाईट असते तर यांना नीट भांडता तरी आलं असतं.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. "मी पुंडल्याचं नाव काढणार नाय," एवढंच बोलले. सकाळी करमाडला गेले, तर कोपऱ्यात एकच नाव. पुंडलिकानं पहाटेच जाऊन आपलं नाव झाकलं होतं. खाडाखोड नाही, डाग नाही. उरलेलं 'बिरू' एका अंगाला लंगडं दिसत असणार, म्हणून तेही पुसून पुन्हा नीट बसवून घातलं होतं. हे परत आले तोवर मागच्या खोलीला कुलूप. आईला घेऊन नाशिकला गेला, असं शेजारच्या मनकर्णाबाईनं सांगितलं.

वर्षभरानं यांनी त्याला नाशिकात शोधून काढलं. ट्रकच्या पाट्या रंगवत होता. यांच्या शर्टाचं बटण तुटलेलं बघून म्हणाला, "वहिनी रुसली का काय?"

"चल घरी," हे म्हणाले. "नाव परत घालू."

"नको, दादा. मी राहिलो असतो तर तू रोज माझ्यापायी भांडला असतास. आन् एक दिवस दमला असतास. ते मला बघवलं नसतं."

हे त्याच्या हातचा चहा पिऊन एकटेच आले.

पुढं अक्षराला दुसरी माणसं धरून बघितली. अक्षर सुबक असायचं, पण यांनी सोडलेल्या जागेत घुसायचं. कुठं थांबायचं ते पुंडलिकाला कळायचं. हळूहळू भिंती सुटल्या. हे एका कारखान्यात मशिनींना रंग मारायला लागले. सगळ्या मशिनी राखाडी.

चौऱ्याण्णव साली, संक्रांतीला, विद्यापीठाला ते नाव लागलं. शहरात मिरवणुका निघाल्या. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि नाशिकची गाडी धरली. कशाला जाता, ते मी विचारलं नाही.

पुंडलिक आदल्या पावसाळ्यातच काविळीनं गेला होता. मागं बायको आणि आई होती, पण आईला दिसत नव्हतं. यांची बोटं चाचपून तिनं ओळखलं.

"बिरू का? तिकडं नाव लागलं म्हणतात."

"व्हय, माय."

"मग आमच्या पुंडलिकाचं लागलं का रे परत, त्या भिंतीवर?"

भिंत रस्ता रुंद करताना कधीच पाडली होती. हे "लागलं" म्हणाले. तिनं यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि चहा ठेवायला सुनेला हाक मारली.

घरी येऊन हे सगळं सांगताना यांचा शर्ट तसाच अंगात होता. मी ताट वाढलं. ते झाकून ठेव म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.