मितवल्लीच्या पलंगाचा भाव

आमच्या दमियातमध्ये सुतार मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल, पण मितवल्लीसारखा हट्टी दुसरा सापडायचा नाही. तो पलंग करतो, मी शेजारी गाद्या भरतो. मधे एकच भिंत, तीही पातळ, त्यामुळे त्याच्याकडचं भांडण मला रेडिओसारखं ऐकू येतं.

सदतीस वर्षांत या माणसानं एकाही गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या भाव सांगितलेला नाही. अख्ख्या इजिप्तमधून लोक लग्नाचं सामान घ्यायला आमच्याकडे येतात. मितवल्ली त्यांना बसवणार, चहा पाजणार, लग्न कुणाचं, मुलीला बाप आहे का, खोली केवढी, सगळं काढून घेणार आणि मग आकडा बोलणार. बिनबापाच्या मुलीला कमी, धनवानाला जास्त. एकदा तांटा शहरातला एक बडा कापडवाला मुद्दाम फाटक्या चपला घालून आला. मितवल्ली त्याच्याकडे बघून म्हणाला, "चपला गड्याच्या आणल्यास, पण ढेरी घरी ठेवायला विसरलास की रे!" आम्ही आठवडाभर हसत होतो.

पण आता लोक येईनासे झाले. घरबसल्या मोबाईलवर बघतात. मितवल्लीचा मुलगा रऊफ, नक्षीत बापापेक्षा सरस, त्याला कुवेतहून कारखान्याची नोकरी चालून आली. बाप म्हणाला, "महिनाभर थांब. आपल्या त्या वेबसाइटवरून कामं आली तर राहा, नाहीतर जा, मी अडवणार नाही." रऊफ कबूल झाला. त्या दिवसापासून मितवल्लीचा रंधा वाकडा चालायला लागला.

म्हणून चीजवाल्या अब्दुस्समदच्या मुलीला, इनासला बोलावलं. बाजारातल्या दोन-तीन दुकानांच्या वेबसाइट तिनं मार्गी लावल्या होत्या. तिनं मितवल्लीची उघडली आणि कपाळाला हात लावला. आधी त्याच्या मरहूम वडिलांचा फोटो. मग हजच्या पांढऱ्या कपड्यांत तो स्वतः. मग बंद दरवाजा. पलंग एक, तोही नजर लागू नये म्हणून चादरीखाली. तळाशी लिहिलेलं: पुलापाशी कुणालाही विचारा.

"काका, रोज दोनशे माणसं येतात आणि पाठ फिरवून जातात."

"कुठून येतात? मी तर सकाळपासून दारातच आहे!"

"मोबाईलमध्ये, काका! अस्वानच्या बाईनं पुलापाशी कुणाला विचारायचं?"

"कुणीही सांगेल की."

चादर काढायला दोन दिवस लागले, फोन नंबर टाकायला एक. वडिलांचा फोटो तळाशी गेला तेव्हा तर मितवल्ली तिच्याशी दुपारभर बोलला नाही. मग उरला भाव, आणि तिथं गाडी रुतली.

"तोंड न बघता भाव कसा लिहू?" मितवल्ली म्हणाला. "लिहिला की तोच कंत्राटदाराला आणि तोच बिनबापाच्या पोरीला. मग तिचं ओझं कोण उचलणार? तुझा बाप?"

"माझ्या बापाला मधे आणू नका." इनासचा आवाज चढला. "ती बिनबापाची पोरच तुमची वेबसाइट उघडते, काका. भाव दिसत नाही. तिला वाटतं, हे आपल्या आवाक्यातलं नव्हे, आणि ती विचारायची लाज वाटून निघून जाते. कंत्राटदाराला कसली लाज? तो फोन करतो. तुम्ही नेमकं तिलाच घालवताय!"

भिंतीपलीकडून मितवल्ली म्हणाला, "रऊफ, चहा ठेव. आणि तू बस, पोरी, नीट सांग." हातातली सुई तशीच धरून मी कान लावला.

शेवटी ठरलं ते असं. प्रत्येक पलंगाखाली आकडा आणि पुढे, 'याहून जास्त कुणाकडूनही घेणार नाही, कमी होऊ शकतं.' त्याखाली तीन प्रश्न: लग्न कुणाचं? खोली केवढी? फोन कधी करू? उत्तर आलं की मितवल्ली स्वतः फोन करणार.

पहिलं उत्तर आलं सोहागच्या एका शिक्षिकेचं. धाकट्या बहिणीचं लग्न, बाप नाही. मितवल्ली पन्नास मिनिटं बोलला, त्यातली वीस नवरदेवाच्या चौकशीत. वर म्हणाला, "बाई, हा मोठा पलंग घेऊ नका. तेवढ्या खोलीत खिडकी उघडणार नाही. लहान घ्या, भावही तुमच्यापुरता बघतो."

इनास माझ्या दुकानात येऊन धाडकन बसली. "आजोबा, गिऱ्हाईक स्वतःहून मोठा मागतंय आणि हा माणूस लहान विकतोय! मी चीज विकायला जाते, सुटते एकदाची."

पण बाईंनी लहान पलंग घेतला आणि शाळेत सांगितलं. तिथल्या दोघींनी प्रश्न भरून पाठवले. मग मिन्याहून एक, इस्माइलियाहून एक. महिना सरता सरता सात पलंग पक्के झाले.

शेवटच्या दिवशी कुवेतहून फोन आला. मितवल्ली लगबगीनं माझ्याकडे आला आणि कापूस बघायचं सोंग करत भिंतीला चिकटला. मीही चिकटलो. पलीकडून रऊफ म्हणाला, "नाही साहेब, नाही जमणार. इथं कामं घेतलीत." आणि फोन ठेवल्या ठेवल्या ओरडला, "बाबा! कुठं गेलात? गप्पा मारून पलंग तुम्ही विकायचे आणि सात-सात एकट्यानं कोरायचे मी?"

मितवल्लीनं बाहीनं तोंड पुसलं. "ऐक," तो माझ्या कानाशी म्हणाला, "तू जरा जोरात खोक, माझी पावलं त्याला ऐकू यायला नकोत. मी मागून फिरून पुढच्या दारानं आत जातो."