टोकियोचे कावळे

बाळांनो, तुम्ही दोघं पुण्याहून माझ्याकडे येताना टोकियोत तीन दिवस थांबणार आहात आणि तुमच्या बाबाने सांगितलंय की आजीला विचारा, तिने टोकियो पाहिलंय. म्हणून हे लिहिते आहे. फोनवर सांगायला गेले की तुमची आत्या मध्ये बोलते आणि माझा क्रम चुकतो.

आधी कामाचं. स्टेशनातून बाहेर पडण्यापूर्वी दाराचा नंबर बघा. एकेका स्टेशनाला इतकी दारं असतात की चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर दुसऱ्याच वस्तीत निघाल. टोकियोत सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं, ओसाकात उजवीकडे. गाडीत फोनवर बोलायचं नाही. रस्त्यात कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतातच, त्यामुळे एक रिकामी पिशवी जवळ ठेवायची आणि कचरा हॉटेलवर आणून टाकायचा.

हे सगळं मला जायच्या आधीच पाठ होतं, कारण तुमच्या आजोबांनी ते माझ्याकडून घोकून घेतलं होतं. इथे परदेशात, रोटोटुना उपनगरातल्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलापाशी ते विचारायचे, "ओसाका?" मी भाजी चिरता चिरता म्हणायचे, "उजवीकडे." मग स्वतःच खूश व्हायचे. जपानच्या गाड्या वेळेवर सुटताना त्यांना एकदा डोळ्यांनी बघायच्या होत्या. पुण्याला येतानाचा मुक्काम म्हणून तिकिटं काढली होती. गाडीभाड्याचे पैसे आत भरून ठेवायचं प्रवासाचं कार्डही त्यांनी एका ओळखीच्या गृहस्थांकडून आधीच मागवून ठेवलं होतं, दोघांसाठी दोन.

निघायच्या आधी दीड महिना ते गेले. सकाळी चहा घेतला आणि गेले. त्याबद्दल तुम्हाला माहीत आहे.

दहाव्याचं मात्र तुम्हाला कोणी नीट सांगितलं नसेल. नदीकाठी पिंड ठेवला. पूजा सांगायला पुण्याचेच एक गृहस्थ आले होते, एरवी आयटीत नोकरी करणारे. ते म्हणाले, "काकू, या देशात कावळे दिसत नाहीत. दर्भाचा कावळा करून लावतात. चालतं."

"चालतं ना? मग करा," मी म्हटलं.

तेवढ्यात दोन सीगल येऊन बसले. तुमची आतेबहीण तेव्हा सात वर्षांची होती. तिने मला विचारलं, "आजी, डझ अ सीगल काउंट? ही लुक्स व्हेरी हंग्री." आत्याने तिला गप्प केलं. दर्भाचा कावळा शिवला आणि आम्ही घरी येऊन जेवलो.

मी असलं काही मानत नाही. माझ्या वडिलांच्या वेळी कावळा शिवेना, तेव्हा काका मोठ्याने म्हणाले होते, "धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ, काळजी करू नको," आणि कावळा खाली आला. मी तेव्हाही म्हटलं होतं, त्याला भूक लागली असेल. पण तिथे निदान विचारण्याची सोय होती. इथे तुमच्या आजोबांचं काय राहिलं होतं, हे विचारायला समोर कोणी नव्हतं. गवताला काय विचारणार? एवढी एक गोष्ट माझ्या मनात बसून राहिली. बाकी काही नव्हतं. रडूही येत नव्हतं.

आत्या म्हणाली, "तिकिटं रद्द करू?" मी म्हटलं, "नको. काढलीत ना." मग त्यांच्या जागी ती स्वतःचं तिकीट काढून आली.

टोकियोत माझं सगळं बरोबर चाललं होतं. दारं चुकले नाही, जिन्यावर डावीकडे उभी राहिले. गाड्या वेळेवर सुटत होत्या. मी त्या बघत होते, म्हणजे डोळे उघडे होते. खाण्याचं सांगते. सूप शाकाहारी दिसलं तरी बहुतेकदा त्यात माशाचं पाणी असतं. कोपऱ्याकोपऱ्यावर दुकानं आहेत, आमच्या इथे कोपऱ्यावरच्या किरकोळ दुकानाला डेअरी म्हणतात तशी, पण जास्त स्वच्छ. तिथे भाताचे तिकोनी गोळे मिळतात. आत आंबट आलुबुखार असलेला मागा. आवरणावर एक, दोन, तीन असे आकडे असतात, त्याच क्रमाने ओढायचं.

असे दोन गोळे घेऊन आम्ही एका बागेत बाकावर बसलो. समोर झाडावर कावळे. आपल्यापेक्षा मोठे, जाड चोचीचे. आत्याने मान वर करून ते मोजले. मग म्हणाली, "आई, एक बाजूला ठेव ना."

तिथे पाटी होती. कावळ्याचं चित्र आणि त्यावर लाल काट.

"पाटी आहे," मी म्हटलं.

"आई, बाबांसाठी तरी!"

"त्यांनीच आधी पाटी वाचली असती, आणि मला वाचून दाखवली असती."

ती हसली, मग हसता हसता तोंड फिरवून बसली. मी माझ्या गोळ्याचं आवरण ओढून काढलं, ते हातात राहिलं. ते टाकायला पर्समधली रिकामी पिशवी काढायची म्हणून गोळा क्षणभर बाकावर ठेवला. मागून पंखांचा आवाज आला. पाहिलं तर बाकावर चार शितं होती आणि कावळा फांदीवर बसून खात होता.

मी काही विचारलं नव्हतं, काही कबूल केलं नव्हतं. आत्या रडायला लागली. मला काही वाटलं नाही. तिच्या गोळ्यातला अर्धा तिने मला दिला, तो मी खाल्ला. शितं गोळा करून पिशवीत टाकली.

तर बागेत बसलात तर खाणं हातातून खाली ठेवू नका.

तुमच्या आजोबांचं काय राहिलं होतं ते मला अजून माहीत नाही. त्या वेळी आत्या त्यांच्याच कार्डावर फिरली. दोन्ही कार्डं टपालाने पाठवते आहे. त्यांचं निळ्या पाकिटात आहे. ते अजून चालतं.