बारदान वजा

मस्कतला जायचं पक्कं झालं आणि माझी झोप उडाली ती तीस किलोंमुळं. एजंटानं फोनवर बजावलं होतं, "तीस किलो सामान. वर एक ग्रॅम नाही." मी जोरजोरात मान हलवली, जशी काही ती त्याला तिकडून दिसत होती.

वास्तविक वजन हाच माझा धंदा. आमच्या भागातल्या एका सहकारी संघाच्या गोदामात मी सतरा वर्षं काट्यापाशी बसलो. शेतकरी तूर आणायचा, मूग आणायचा, हमाल पोतं काट्यावर टाकायचे आणि मी वहीत तीन आकडे मांडायचो: एकूण, बारदान, निव्वळ. बारदान म्हणजे रिकामं पोतं. माल पोत्यासकट तोलायचा, पोत्याचं वजन वजा करायचं आणि उरेल तो खरा माल. हे माझ्या इतकं अंगात मुरलं होतं की दवाखान्यात माझं वजन केलं तरी मी डॉक्टरला सांगायचो, "यातून बूट आणि पट्टा वजा करा."

मग ओळीनं दोन वर्षं पाऊस गेला. पहिल्या वर्षी गोदामात निम्मी पोती आली, दुसऱ्या वर्षी नुसती कबुतरं. संघाच्या आवारात जनावरांची छावणी पडली आणि माझ्या काट्यावर चारा तोलला जाऊ लागला. छावणी उठली तेव्हा आम्हा चार कारकुनांना "बोलावू तेव्हा या" असं सांगण्यात आलं. कुणी बोलावलं नाही. सहा महिने मी रोज सकाळी दाढी करून घरात बसलो. मग पाटोद्याच्या एका ओळखीनं मस्कतच्या गोदामात स्टोअरकीपरची जागा निघाली. करार दोन वर्षांचा, वय माझं पंचेचाळीस. या वयात लोक पोरांना परदेशी धाडतात. मला धाडायला माझी माय होती.

तर सामान. काट्याच्या जुन्या पावत्या घरात पडून होत्या, त्यांच्या पाठीवर मी यादी करायला बसलो. पहिल्या दिवशी अकरा वस्तू होत्या. आठवड्यानं पावत्यांना सुतळी ओवावी लागली. रोज मी सामान खाटेवर मांडायचो, बघायचो, घाबरायचो आणि परत फळीवर ठेवायचो. स्वेटर घ्यावा का? वाळवंटात स्वेटर कशाला? पण वाळवंट रात्री गार पडतं असं कुणीतरी म्हणालं होतं. तो कुणीतरी कधी चौसाळ्याच्या पुढं गेलेला नव्हता, पण मी स्वेटर घेतला.

बायकोची काळजी वेगळीच.

"तिकडं वाळवंट हाय म्हणं. पाच लिटरचा कॅन घ्या पाण्याचा."

"अगं, तिथं काय टँकर येत न्हाई."

"टँकरबी येत न्हाई? मग तर घ्याच!"

कॅन यादीत गेला. यादीच्या तळाशी एक दाभण होतं, पोती शिवायचं, गोदामातून निघताना खिशात राहिलेलं. तेवढं तिला दिसलं.

"अन् हे दाभण कावून? तिथं पोती शिवायला चाललाव का?"

"माणसाजवळ आपलं हत्यार असावं," मी म्हणालो. खरं कारण असं होतं की त्या यादीत मला हाताळता येईल अशी तेवढी एकच वस्तू दिसत होती.

कारण बाकी सगळं भाकरीभोवती फिरत होतं. माझं पोट भाकरीचं. दोन दिवस भात खाल्ला की मी आजारी माणसासारखा बोलायला लागतो. दोन वर्षं कसं व्हायचं, या विचारानं मला त्या पंधरवड्यात भूकच लागेना. बायकोनं मला चुलीपुढं बसवलं. माझी पहिली भाकरी तव्यावर पडली तशी ती वाकून बघायला लागली.

"भाकर हाय का बीड जिल्ह्याचा नकाशा? बघा, ही हिकडं आष्टी, अन् ही पार परळीपतूर गेली."

पंधराव्या दिवशी नकाशा थोडा आवळला, इतकंच. तरी लोखंडी तवा घ्यायचं ठरलं. पेटीला पोचा पडू नये म्हणून मी तो एका कोऱ्या पोत्यात गुंडाळून सुतळीनं आवळला. आमटीला लावायच्या येसराचा डबा, लसणाची चटणी हेही आलं.

राहिलं पीठ. त्या वर्षी आमच्या घरात खायला ज्वारी नव्हती. रानात काही पिकलं नव्हतं आणि आम्ही रेशनच्या गव्हावर दिवस काढत होतो. निघायच्या चार दिवस आधी मायनं माझ्यापुढं पांढऱ्या कापडाची एक पिशवी ठेवली. आत सहा किलो ज्वारीचं पीठ, मऊसूत, दुधासारखं पांढरं. असं पीठ मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं.

"माय, ही ज्वारी कुठून आणली?"

"आणली कुठून तरी. तुला काय करायचंय? तू तुझे आकडे लिही."

मी माझे आकडे लिहिले.

पेटी पाटोद्याहून घेतली होती. टणक, निळी, चार चाकांची, तीन आकड्यांच्या कुलपाची. विमानात आपण खेडवळ दिसू नये म्हणून घेतलेली ती एकमेव वस्तू. विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी मी आणि मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, ती संघाच्या गोदामात घेऊन गेलो. राखणदारानं कुलूप काढून दिलं. काट्यावरची कबुतरांची घाण पुसून मी आधी रिकामी पेटी तोलली: साडेपाच किलो. मग भरून तोलली: साडेपस्तीस. पावती फाडून व्यवस्थित लिहिलं. एकूण साडेपस्तीस, बारदान साडेपाच, निव्वळ तीस. खाली सही केली. त्या पंधरवड्यात मला बरं वाटलं ते तेवढंच एकदा.

मेहुणा मांजरसुंब्याच्या चौकातून जीप चालवतो. तो म्हणाला, "दाजी, काय तंतोतंत हिशेब हाय तुमचा!" मी मान ताठ केली.

त्या संध्याकाळी मांजरसुंब्याहून आम्ही दोघांनी ट्रॅव्हल्सची गाडी धरली. दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान. विमानतळाच्या दारावर मेहुण्याला अडवलं, तेव्हा मी त्याला बजावलं, "विमान उडालेलं दिसल्याबिगर हितनं हलायचं न्हाई." एवढी विमानं उडत होती, त्यातलं माझं कुठलं हे त्याला कसं कळणार, हे त्यानं विचारलं नाही. चांगला माणूस आहे.

आत काउंटरवर एक मुलगी होती. तिनं पेटी पट्ट्यावर घ्यायला लावली आणि आकड्याकडं बघितलं.

"सर, साडेपस्तीस होतंय. साडेपाच किलो जास्त आहे."

मी हसलो. खरंच हसलो. खिशातून पावती काढून तिच्यापुढं ठेवली.

"मॅडम, बारदान वजा करा."

"काय वजा करू?"

"पेटीचं वजन. साडेपाच किलो. तोलून आणलंय. निव्वळ माल तीसच भरतो."

तिनं पावती वाचली. माझी सहीसुद्धा वाचली असावी. मग लहान पोराला समजावतात तशा आवाजात म्हणाली, "सर, आम्ही पेटीसकट धरतो."

पेटीसकट! सतरा वर्षांत आमच्या काट्यावर कुणी कुणाला बारदान मालात धरलं असतं तर मारामारी झाली असती. जादा वजनाचा आकार तिनं सांगितला तो ऐकून मी परत विचारलंच नाही. तासाभरात काउंटर बंद होणार होता. माझ्या मागं रांग होती आणि रांगेत एकाचीही पेटी माझ्याइतकी निळी नव्हती.

दारावरच्या जवानाच्या हातापाया पडून मी पेटीसकट बाहेर आलो. मेहुणा खांबाला टेकून आकाशाकडं बघत होता. मला बघून तो दचकला.

"काय झालं दाजी? धाडलं व्हय माघारी?"

मी सांगितलं. त्यानं डोक्याला हात लावला. "तुमी जलमभर काट्यावर बसले ना हो?"

"म्हणून तर चुकलो!"

फरशीवरच पेटी उघडली. रिकामा कॅन काढला. त्याचं वजन चहाच्या दोन कपांएवढं. स्वेटर काढला, तीन शर्ट काढले, चटणी काढली. हातात धरून वजन सांगायची मला सवय आहे; दोन किलोच्या वर काही होत नव्हतं. घड्याळ पळत होतं. घाम कानामागून कॉलरीत चालला होता. हे विमान चुकलं तर मस्कतचा साहेब माझी वाट बघत बसणार नव्हता आणि गावात परत जाऊन मी काय सांगणार होतो? पेटी जड झाली म्हणून आलो?

मग मी पांढऱ्या पिशवीला हात घातला. सहा किलो. एका झटक्यात प्रश्न मिटत होता.

"पीठ ने माघारी," मी म्हणालो. "काय तिथं पिठाबिगर मरत न्हाई मी."

मेहुण्यानं पिशवी घेतली नाही. हात मागं केले.

"दाजी, ते न्हाई काढायचं."

"कावून?"

"दुसरं काय बी काढा."

"अबे, पाऊण तास राहिलाय! कावून, ते सांग."

तो खाली बघत बोलला. "बियाची ज्वारी हाय ती. मडक्यातली. मीच गिरणीत नेलती, अक्कानं सांगितलं म्हणून. मावशी म्हणल्या तुमाला सांगायचं न्हाई." माझ्या मायला तो मावशी म्हणतो.

आमच्या घरात एक मडकं होतं. राख आणि लिंबाचा पाला घालून, तोंड शेणानं लिंपून ठेवलेलं. दुष्काळाच्या दोन्ही वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. आम्ही रेशनचा गहू खाल्ला, उसनवारीनं पीठ आणलं, पण मडकं फुटलं नव्हतं, कारण पाऊस पडला तर पेरायला तेवढंच होतं. आजोबांपासून चालत आलेलं बी.

"मग पेरायचं काय?" मी विचारलं.

"मीबी तेच म्हणलो. तर मावशी म्हणल्या, पावसाचा भरवसा न्हाई, पोराच्या पोटाचा तरी हाय."

मी ती पिशवी मांडीवर घेऊन फरशीवर बसून राहिलो. माघारी नेऊन उपयोग नव्हता. दळलेलं बी उगवत नाही. टाकून दिलं तर दोन्हीकडून गेलं. आता ते मस्कतला जाऊन माझ्या पोटातच पडायला हवं होतं.

समोर उघडी निळी पेटी. साडेपाच किलो.

सतरा वर्षं जे वजा करत आलो ते दिसायला मला तिथं पाच मिनिटं लागली. तवा ज्या पोत्यात गुंडाळला होता त्याची सुतळी मी दातानं तोडली. तवा, पीठ, येसर, चटणी, कपडे, स्वेटर, अगदी कॅनसुद्धा पोत्यात घातला. दाभण काढलं. आणि मग ध्यानात आलं की सतरा वर्षं मी हमालांच्या अंगावर "टाका जवळ घाल बे!" म्हणून ओरडलो होतो, स्वतः मात्र एकही टाका घातला नव्हता. दाभण दोनदा बोटात घुसलं. लोक चाकांच्या पेट्या ओढत आम्हाला वळसा घालून जात होते.

"दाजी," मेहुणा पोत्याचं तोंड आवळून धरत म्हणाला, "टाका जवळ घाला."

कोपऱ्यांना दोन कान काढले, उचलायला. हमाल काढतात तसे, जरा वाकडे. रिकामी पेटी मेहुण्याच्या हातात दिली आणि पोतं ढकलगाडीवर टाकून आत पळालो.

मुलीनं पोत्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आकडा आला: तीस किलो शंभर. शंभर ग्रॅम तिनं सोडले. चिठ्ठी कुठं लावावी हे तिला कळेना, तेव्हा मी कान दाखवला.

मस्कतला सरकत्या पट्ट्यावर माझं सामान ओळखायला मला अजिबात वेळ लागला नाही.

ते पीठ मी आठवड्यातून दोनदाच काढून चार महिने पुरवलं. पहिल्या महिन्यातल्या भाकऱ्या एका बाजूनं कच्च्या, दुसऱ्या बाजूनं कोळसा. एकही टाकली नाही. करपलेला पापुद्रासुद्धा पाण्याबरोबर गिळला. माय फोनवर विचारायची, "पीठ कसंय रं?" मी म्हणायचो, "लई गोड हाय." मला माहीत आहे हे मी तिला सांगितलं नाही. रात्री पडल्या पडल्या हिशेब चालायचा: आज दोन भाकरी, म्हणजे रानातली एक सरी गेली.

आणि त्याच वर्षी पाऊस पडला. रब्बीच्या तोंडावर बायकोचा फोन आला की सगळं शिवार पेरतंय आणि आपल्या घरात बी नाही. ते कुठं गेलं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. शेवटी माय नांदूरघाटला आपल्या माहेरी गेली आणि पदर पसरून थोडं बी घेऊन आली. ज्वारी तीही चांगलीच. पण आजोबांचं बी आमच्या घरातून संपलं ते संपलंच. ते मी खाल्लं, एकट्यानं, निम्मं करपवून.

करार वाढवून घेऊन दोन वर्षांनी सुट्टीवर आलो तर निळी पेटी फळीवर. आत राख, लिंबाचा पाला आणि नव्या ज्वारीचं बी.

"उंदीर शिरत न्हाई हिच्यात," माय म्हणाली. "मडक्यापरीस बरी." मग पेटीवर हात फिरवत तिनं सहज विचारलं, "परत कवा निघायचं?"

"पुढच्या महिन्यात."

"पीठ लागंलच की मग."

ती भाकरी थापायला आत गेली तेव्हा मी पेटी खाली घेतली आणि कुलपाचे तिन्ही आकडे बदलले. नवा नंबर बायकोला सांगितला, पेरणीच्या दिवशी उघड म्हणून. मायला तो आजपर्यंत सांगितलेला नाही.